पोचबाईचं बोट

तिचं खरं नाव पोस्टाच्या दप्तरात होतं, बाहेर ते कोणाला लागत नव्हतं. डोंगराखालच्या त्या तीन गल्ल्यांत तिने एकतीस वर्षं टपाल वाटलं. प्रत्येक दारावर दोन टकटक आणि एकच वाक्य, "पोच द्या." त्यावरून तिला पोचबाई नाव पडलं. नवरा घड्याळजी. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, डोळ्याला भिंग आणि समोर उघडी पडलेली घड्याळं. सबंध गल्लीची घड्याळं त्याने वेळेवर आणली, स्वतः मात्र जेवायला कधी वेळेवर उठला नाही. त्याला बायकोच्या टोपणनावाची भारी मौज वाटे. "नावात तरी पोच आहे," असं तो येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि आतून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला की मुकाट्याने भिंग लावायचा.

पोचबाईची काम करण्याची एक तऱ्हा होती. रजिस्टर पत्र आलं की ती कागद पुढे धरायची आणि उजव्या हाताची तर्जनी सहीच्या जागेच्या किंचित वर टेकवून म्हणायची, "इथे." माणसं सही करायची. कोणी साबणाच्या हाताने, कोणी कानाला फोन लावून, कोणी अर्धवट झोपेत. बोटाच्या वर काय छापलंय हे एकानेही कधी वाचलं नाही. कोणी वाचू लागलं असतं तर तिलाच राग आला असता. पोचबाईने बोट ठेवलंय म्हणजे ते बरोबरच असणार, हे त्या गल्ल्यांत दिवसरात्रीसारखं ठरून गेलेलं होतं.

दुसरी सवय तिची एकटीची नव्हे, सगळ्याच टपालवाल्यांची. छापील मजकूर वाचायचा नाही. छापलेलं सगळ्या कागदांवर सारखंच असतं. कामाचं ते हाताने लिहिलेलं: नाव, घराचा आकडा, वाकडंतिकडं अक्षर. फुटक्या अक्षरावरून ती बरोबर माणूस शोधून काढायची, पण पोचपावतीवर वरच्या बाजूला काय छापलेलं असतं असं तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दिवसाला दीडशे दारं करायची असली तर ही सवय चांगलीच. एकतीस वर्षांत ती एकदाही अंगाशी आली नाही. आली ती निवृत्त झाल्यावर.

निवृत्तीला दोन वर्षं झाली होती आणि पोचबाई घरात मावत नव्हती. पायांना भिंगरी लागलेली ती तशीच. सकाळी नऊला पाय आपोआप चपला शोधायचे आणि मग घरातल्या घरात फेऱ्या मारायचे. घड्याळजी म्हणायचा, "अगं, बस की जरा. लंबक झालाय तुझा." तिला हसू यायचं नाही. आपली कोणाला गरज उरली नाही हे दुखणं तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

त्याच सुमारास डोंगरावरच्या झऱ्यावर कंपनी आली.

कंपनी बाहेरच्या देशातली. झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून विकायचं, असा तिचा बेत. सरकारचा शिक्का तिला केव्हाच मिळाला होता. पण हल्ली परक्या मुलखात कारखाना काढायचा तर नुसत्या शिक्क्यावर भागत नाही. कर्ज देणारी बँक विचारते की तिथल्या लोकांचं काय म्हणणं आहे. तिकडच्या वर्तमानपत्रात उलटसुलट आलं तर बाटलीला हात कोण लावणार? तेव्हा कंपनीला लोकांची मान्यता हवी होती, आणि तीही कागदावर.

सुरुवात त्यांनी रीतसर केली. सभागृह भाड्याने घेतलं, ऐंशी खुर्च्या मांडल्या, भिंतींवर हसऱ्या माणसांची चित्रं लावली. त्या चित्रांतलं एकही माणूस इथलं नव्हतं. सभेला अकरा जण आले. त्यातले चार पंख्याखाली बसायला आले होते असं पुढे त्यांनीच कबूल केलं. मग कंपनीने सूचनांची पेटी लावली. पेटीत गोळ्या-चॉकलेटचे कागद निघाले. कंपनीच्या माणसांनी घरोघर जायचं ठरवलं, तर दारं फक्त साखळीपुरती उघडायची आणि आतून उत्तर यायचं, "घरात मोठं कोणी नाही." हे उत्तर सत्तर वर्षांच्या बायाही देत.

मग कंपनीने एक सेवाभावी संस्था काढली. नाव वेगळं, रंग वेगळा, कचेरी मात्र तीच, नुसता दरवाजा दुसऱ्या बाजूने. संस्थेने जाहीर केलं की प्रत्येक घरात डोळे तपासून फुकट चष्मे देणार. संस्थेची समन्वयक म्हणून एक तरुण बाई आली. गोड बोलणारी, डोक्याने तल्लख. तिने चहाच्या टपरीवर एकच प्रश्न विचारला, "इथली माणसं कोणाला न विचारता दार उघडतात?" टपरीवाल्याने कप विसळता विसळता सांगितलं, "एका पोचबाईला."

दुसऱ्या दिवशी समन्वयक पोचबाईच्या घरी.

"मावशी, तुमच्याशिवाय हे काम होणारच नाही," ती म्हणाली. मागे ठेवलेली कातडी पिशवी तिने पुढे केली. करकरीत नवी, रुंद पट्ट्याची.

पोचबाईने पिशवी खांद्याला लावून बघितली. पट्टा नेमका जुन्या जागी बसला. एवढ्यावर ती विरघळली, हे सांगायला हवं. पुढे ती स्वतःला खूप काही म्हणाली, पण खरं एवढंच. पिशवी खांद्यावर बसली आणि तिला बरं वाटलं.

घड्याळजीने भिंग न काढताच विचारलं, "फुकट कशाला देतायत?"

"अहो, चांगुलपणा असतो जगात."

"असतो ना. पण तो चांगुलपणा कचेरी भाड्याने घेऊन बसत नाही."

"तुमचं आपलं काहीतरीच," पोचबाई म्हणाली आणि चपला घालून निघाली.

दोन महिने ती पुन्हा जिवंत झाली. संस्थेचा डोळे तपासणारा बरोबर घेऊन ती घरोघर गेली. तिच्या दोन टकटकींना सगळी दारं सताड उघडली. महिन्याभराने चष्मे आले, एकेका घराचा एकेक खोका आणि खोक्याबरोबर एक छापील कागद. कागदावर वर ठळक अक्षरांत ‘चष्मे-वाटप नोंद’. खाली नाव आणि घराचा आकडा हाताने लिहिलेला, तळाला सहीची रेघ. वाटपाआधी संस्थेने तासभर प्रशिक्षण ठेवलं होतं. पडद्यावर कसली कसली चित्रं सरकत होती, कोणी तरी बोलत होतं. पोचबाई मागच्या बाकावर बसून खोके गल्लीच्या क्रमाने लावत होती. तिच्या मते खरं काम ते.

आणि मग तीच जुनी रीत. खोका हातात, कागद पुढे, तर्जनी रेघेच्या किंचित वर. "पोच द्या." दोनशे शहाऐंशी घरांपैकी दोनशे एकाहत्तर घरांनी दिली. एक गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नाही. ज्यांना वाचायला दिसत नव्हतं म्हणून चष्मा मिळत होता, ते तो नाकावर चढवण्याआधी सही करत होते.

सगळ्यात शेवटचं घर वन्संचं. वन्सं म्हणजे घड्याळजीची थोरली बहीण. झऱ्याच्या वाटेवर त्यांचा धुण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार दगडी टाक्या, एक कढई आणि दोऱ्या. गावातल्या दोन खाणावळी, एक इस्पितळ आणि एक लॉज यांचे टेबलक्लॉथ आणि चादरी त्यांच्याकडे यायच्या. झऱ्याचं पाणी मऊ, साबण कमी लागतो, चादर पांढरीशुभ्र निघते, त्यावर त्यांचं चाललेलं. नवरा गेल्यावर त्या टाक्यांवर त्यांनी दोन मुली शिकवल्या. त्यांनी ओल्या हातानेच सही ठोकली. चष्मा लावून दोरीवरच्या चादरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे डाग मला आजवर दिसतच नव्हते!" दोघी पोट धरून हसल्या.

दीड महिन्याने टपालातून एक गुळगुळीत पुस्तिका आली. मुखपृष्ठावर पोचबाई. खांद्याला पिशवी, बोट कागदावर, समोर कोणाचा तरी सही करणारा हात. ती हरखून गेली. नवऱ्यापुढे पुस्तिका धरून म्हणाली, "बघा तरी, कशी आलेय."

घड्याळजीने बघितलं. मग आत वाचलं. एक पान त्याने दोनदा वाचलं.

"दोनशे एकाहत्तर कुटुंबांनी झरा-प्रकल्पाला लेखी संमती दिली, असं लिहिलंय."

"छे, ती चष्म्यांची पोच आहे. छापताना घोटाळा झाला असेल."

"एखादा कोरा कागद उरलाय?"

पिशवीच्या कप्प्यात एक होता. घड्याळजीने तो दिव्याखाली धरला, भिंग लावलं आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतली एक ओळ सावकाश मोठ्याने वाचली. "खाली सही करणाऱ्या कुटुंबास प्रकल्पाची संपूर्ण माहिती देण्यात आली असून त्यांची प्रकल्पास हरकत नाही."

"कुठे आहे ते?"

"सहीच्या रेघेच्या किंचित वर."

पोचबाई खाली बसली. दोनशे एकाहत्तर वेळा तिचं बोट बरोबर त्या ओळीवर टेकलं होतं. घड्याळजीला टोमणा सुचला असेलही, पण त्याने तो गिळला आणि उठून तिच्यासाठी पाणी आणलं. त्यांच्या संसारात त्याने आपणहून पाणी आणण्याची ही दुसरी वेळ होती.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेच्या कचेरीत गेली.

"मावशी, तुम्ही लोकांना समजावून सांगितलं नव्हतं का?" समन्वयकेने विचारलं. "प्रशिक्षणात सगळं झालं होतं."

"मी खोके लावत होते."

 समन्वयक काही वाईट बाई नव्हती. तिने पंखा मोठा केला, खुर्ची पुढे सरकवली.

"कागद वरून तसाच आला होता," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी दुसऱ्या देशात होते, तिथे आम्ही शाळेला बाकं दिली. त्याच्या आधी एके ठिकाणी खेळाचं मैदान. काय द्यायचं ते जागा बघून ठरतं."

"आणि कोणाच्या हातून द्यायचं ते?"

"तेही बघूनच ठरतं, मावशी. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे."

"तो मी एकतीस वर्षं पायी फिरून मिळवला. तुम्ही आयत्या बिळावर येऊन बसलात." तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला इच्छा नव्हती. "ते कागद परत द्या."

कागद केव्हाच परदेशी गेले होते, कंपनीच्या मुख्य कचेरीत, आणि तिथून बँकेत. बँकेची बैठक महिनाअखेरीला. घेऊन उघडलेलं टपाल ‘घेण्यास नकार’ म्हणून परत करता येत नाही, हे पोचबाईइतकं कोणाला ठाऊक असणार! समन्वयकेने एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

"प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र पत्र पाठवून संमती मागे घेतली, तर बँकेला दखल घ्यावी लागते. नियमच आहे. पत्र रजिस्टर हवं, आणि वीस तारखेच्या आत इथून निघायला हवं." मग हळूच म्हणाली, "हे मी सांगितलं नाही."

नऊ दिवस हातात होते. पोचबाई आधी वन्संकडे गेली, कारण तिथे जाणं सगळ्यात अवघड होतं. उशीर केला तर धीर होणार नाही हे ती ओळखून होती. वन्सं कढईत लाकडी दांडा फिरवत होत्या. पोचबाईने काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या टाक्यांचं पाणी मीच सही करून दिलं?"

"मला ठाऊक नव्हतं, वन्सं."

"तू म्हणालीस इथे, मी केली इथे. तुझ्या जागी कोणी दुसरं असतं तर मी दांडा घेऊन धावले असते." त्यांनी दांडा खाली ठेवला.  "जा तू. मला तुझं तोंड बघायचं नाही."

दार बंद झालं. त्या दारावर पोचबाई लग्न झाल्यापासून टकटक करत आली होती आणि ते तिच्या तोंडावर कधी लागलं नव्हतं. ती वाटभर रडली. चौकात आली तेव्हा तिने पदराने तोंड पुसलं आणि पहिल्या गल्लीतल्या पहिल्या घराची कडी वाजवली.

"मी चुकले," ही तिची नवी सुरुवात. पत्राचा मजकूर घड्याळजीने मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता, त्याच्या प्रती तिच्या पिशवीत. ज्याला संमती मागे घ्यायची त्याने सही करायची, ज्याला ठेवायची त्याने ठेवायची. बेकरीवाला म्हणाला, "माझ्या जावयाला कंपनीत काम मिळतंय, मी नाही करणार." ती म्हणाली, "बरं," आणि पुढे गेली. एका म्हातारबुवांनी तिला दारातच अद्वातद्वा बोलून घेतलं. ते संपेपर्यंत ती उभी राहिली, मग कागद पुढे केला.

पण शिव्यांपेक्षा तिला दुसरंच लागलं. ज्या घरांत तिला पाण्याचा तांब्या मिळायचा, त्या घरांत आता एकच वाक्य ऐकू येई. "थांबा हं, चष्मा आणतो."

सगळे तेच म्हणत. आत जात, संस्थेचा फुकट चष्मा घेऊन येत, दारातच उभे राहून पत्र पहिल्या अक्षरापासून वाचत. कोणी कागद उलटून मागची कोरी बाजूही बघत. कोणी शेजाऱ्याला हाक मारून दोघं मिळून वाचत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, तक्रार कोणाकडे करणार? पूर्वी जे घर अर्ध्या मिनिटात व्हायचं त्याला आता पाव तास लागू लागला. तो पाव तास ती उंबऱ्याबाहेर उभी असायची, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, "चोर असल्यासारखं वाटतं हो."

"वाचतायत ना? मग वाचू दे," घड्याळजी म्हणायचा. "एकतीस वर्षं कोणी वाचलं नाही, ते तरी कुठे बरोबर होतं?"



पोस्टातल्या खिडकीवरच्या कारकुनाने पहिल्या खेपेला चाळीस रजिस्टर पत्रं बघून कपाळाला हात लावला. "बाई, निवृत्त झालात तरी आमचा पिच्छा सोडू नका," असं म्हणाला आणि शिक्के मारत बसला. वीस तारखेपर्यंत एकशे त्र्याण्णव पत्रं गेली. पुढे बँकेने आपला माणूस पाठवला, बैठक लांबली, सगळी चौकशी नव्याने झाली. ती हकिकत मोठी आहे आणि अजून संपलेली नाही. पण त्या नऊ दिवसांत पोचबाईला बँकेची फिकीर नव्हती. तिला एक दार उघडायला हवं होतं. आठ दिवस ती रोज फेरी संपवून झऱ्याच्या वाटेवर जात होती, दोन टकटक करत होती आणि परत येत होती. आत कढईचा आवाज यायचा. दार उघडायचं नाही. घड्याळजी म्हणाला, मी बोलतो ताईशी. ती म्हणाली, "नको. सही मी घेतली, मीच जाईन."

वीस तारखेला खिडकी चारला बंद होणार होती. तीनला पोचबाई वन्संच्या दाराशी उभी राहिली. दोन टकटक. वाट बघून आणखी दोन. मग ती पायरीवर बसली, कारण पाय खरंच दुखत होते.

दार उघडलं.  वन्संनी ओले हात पदराला पुसले, अगदी कोरडे होईपर्यंत पुसले, आणि हात पुढे केला. पोचबाईने पत्र दिलं. वन्संनी कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला, काचा पुसल्या, नाकावर चढवला आणि उभ्या उभ्या वाचायला लागल्या. शाळेत चार इयत्ता शिकलेली बाई, ओठ हलवत, एकेक शब्द. अर्ध्यावर थांबून त्यांनी विचारलं, "इथे ‘दखल’ लिहिलंय, ते कशाला?" पोचबाईने सांगितलं. त्या पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाल्या. साडेतीन होत आले होते. पोचबाईने घड्याळाकडे बघितलं नाही.

वाचून झालं. वन्संनी पेन मागितलं आणि कागद दाराच्या फळीवर टेकवला. पोचबाईचा हात सवयीने पुढे गेला आणि तर्जनी सहीच्या रेघेच्या किंचित वर जाऊन टेकली.

वन्सं चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"बोट काढ," त्या म्हणाल्या. "कुठे करायची ते मला दिसतंय."